चुनाभट्टीतून निसटलेला वायू

अहिल्यानगर जिल्हा काळ्या बेसाल्टावर वसलेला आहे, आणि प्रवरा-मुळेच्या काठच्या मातीत जे गाठाळ, पांढरट खडे सापडतात, ज्यांना भूशास्त्रज्ञ कंकर आणि शेतकरी नुसती चुनखडी म्हणतो, ते समुद्रात नव्हे तर मातीतच घडलेले असतात. तरीही पुराण्या समुद्राचे तापमान सांगणाऱ्या विद्येचे मूळ या खड्यांपाशीच शोधावे लागते, कारण फळबागेची जमीन पारखताना त्यांच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की जो वायू फसफसून निघतो, तोच या कथेचा नायक आहे.

चुना हा शब्द चूर्णापासून आला, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो चुनखडीतल्या खडीचा. ही रस्त्यावर पसरतात ती खडी, असे ओढ्याकाठी कंकर वेचणाऱ्याला वाटणे साहजिक आहे, परंतु रस्त्याची खडी फोडलेल्या कठीण दगडाची असते, आणि संस्कृत खटिकेपासून आलेली खडी मऊ, पांढरी, पाटीवर उमटणारी, म्हणजे खडूची सख्खी बहीण असते. चुनखडीतली खडी या दुसऱ्या घरचीच म्हणावी लागेल, आणि या निर्णयाला दूरचा एक साक्षीदारही आहे: क्रिटेशस या भूशास्त्रीय कालखंडाचे नाव लॅटिनमधल्या खडूवाचक शब्दावरून पडले, आणि समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या, मोजपट्टीचे शून्य ज्या बेलेम्नाइट या लुप्त सागरी प्राण्याच्या जीवाश्मावरून ठरले, तो दक्षिण कॅरोलिनातल्या पीडी थरातला जीवही त्याच कालखंडातला होता.

भट्टीवाला चुनखडी भाजतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. त्याला हवा असतो चुना, वायूशी त्याला कर्तव्य नसते. रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी नेमके उलटे केले. थंड पाण्यात घडणाऱ्या, चुनखडीच्याच द्रव्याच्या सागरी कवचात ऑक्सिजनचा जड समस्थानिक, ऑक्सिजन-१८, किंचित जास्त बसतो, हे त्यांनी १९४७ मध्ये गणिताने दाखवले, आणि पुढे शिकागोच्या प्रयोगशाळेत कवचाचे चूर्ण फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघणारा वायू पकडून मोजला जाऊ लागला. हजारात एक भागाचा फरक म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस. मात्र हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकल्याने समुद्रच जड होतो, त्यामुळे चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये मुख्यतः तापमानाचे मानलेले कवचांतल्या ऑक्सिजन-१८ चे चढउतार बरेचसे बर्फाचे आहेत, असे निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवले.

कंकराचा मान वेगळा आहे. तो समुद्राविषयी मुका असला, तरी मातीतल्या हवेत घडत असल्याने त्याच्या कार्बनात वातावरणाचा आणि वनस्पतींचा वाटा मिसळलेला असतो, आणि प्राचीन मातीतल्या अशाच गाठींवरून वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आजमावले जाते. घाण्यात मळून भिंतीवर चढलेला चुना तर सुकताना भट्टीत गमावलेला वायू भोवतीच्या हवेतून परत घेतो. त्यामुळे अहिल्यानगरातल्या १५८३ च्या फराहबागेसारख्या वास्तूच्या गिलाव्यावर आम्लाचा थेंब पडला, तर निघणारा बुडबुडा निजामशाहीच्या हवेचा असायला हवा, फक्त त्या गिलाव्यात अर्धवट भाजलेला एखादा कंकर राहून गेलेला नसावा.