रोम्युलसच्या आधी आलेला ग्रीक

तर मंडळी, रोम म्हटलं की रोम्युलस आठवतो. पण रोमनांच्याच दंतकथेत त्याच्या कितीतरी आधी पॅलेटाइन टेकडीवर एक ग्रीक येऊन राहिला होता. इव्हँडर! आर्केडियातल्या पॅलँटियम गावचा. इथल्या लोकांना लिपी त्यानंच शिकवली म्हणे. व्हर्जिलच्या ‘इनिड’मध्ये हा राजा साध्याशा घरात राहतो, आणि परक्या इनियसच्या मदतीला पोटचा पोरगा, पॅलस, लढाईवर धाडतो. पोरगा मारला जातो. मला तरी रोम्युलसपेक्षा हा म्हातारा बाप जास्त जवळचा वाटतो.

आणि गंमत ऐका. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सम्राट अँटोनायनस पायसनं याच कथेपायी ग्रीसमधल्या त्या पॅलँटियमला शहराचा दर्जा दिला, वर करही माफ केला!