माशाचा अर्क आणि दोन डॉक्टर

१९२१. जर्मनीतील ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ. डॉ. हाइन्झ क्युस्टनर यांनी शिजवलेला मासा खाल्ला की त्यांच्या अंगावर गांधी उठत. या त्रासाचे मूळ शरीरात नेमके कोठे आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासे सहज पचत. त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील सीरम स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात त्या जागी गांध उठली!

अर्थ स्पष्ट होता: अ‍ॅलर्जीचे कारण रक्तात वाहते. त्या अज्ञात घटकाला ‘रीअ‍ॅजिन’ म्हणत. त्याची खरी ओळख पटण्यास साडेचार दशके लागली. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी तो स्वतंत्रपणे शोधला; १९६८ मध्ये त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळाले.

दुसऱ्याच्या त्वचेवरील ही चाचणी कावीळ पसरण्याच्या धोक्यामुळे पुढे मागे पडली. आज रक्तातील आयजीई थेट मोजता येते. मात्र ते आढळले म्हणजे त्रास होतोच असे नाही. म्हणून अहवाल वाचण्याआधी डॉक्टर आजही तोच जुना प्रश्न विचारतात: काय खाल्ले आणि पुढे काय झाले?