बरा झालेला माणूस ‘सुटतो’ कधी? कोविडच्या १७, १४, १० आणि ७ दिवसांचा इतिहास

कोविडच्या काळात घराघरात विचारलेला एक प्रश्न आठवतोय का? “आता बरं वाटतंय, ताप नाही. मग परत टेस्ट करायची का?”

डॉक्टर म्हणायचे, गरज नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणायचे, निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा मगच लिफ्ट वापरा. कंपनी म्हणायची, रिपोर्ट आणा मग गेटपास. बिचारा माणूस परत लॅबमध्ये जायचा, आणि रिपोर्ट यायचा ‘पॉझिटिव्ह’! मग पुन्हा चौदा दिवस. हातावर पोट असलेल्याची आणखी दोन आठवड्यांची मजुरी गेली.

हा घोळ का झाला? लोक अडाणी होते म्हणून नाही. नियम बदलत गेले, प्रत्येक बदलामागे कारणही होतं, पण ते कारण खालपर्यंत कुणी पोचवलंच नाही. म्हणून हा इतिहास एकदा नीट मांडून ठेवू या.

सुरुवात : दोन निगेटिव्ह

जानेवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिला सल्ला दिला : रुग्ण बरा वाटला पाहिजे आणि किमान २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निगेटिव्ह आले पाहिजेत. हा विषाणू नवा होता, त्याची माहिती नव्हती. म्हणून सार्स आणि मर्स या त्याच्या भाऊबंदांच्या अनुभवावरून हा नियम घेतला. भारतानेही मार्चमध्ये तोच स्वीकारला.

महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी सापडले, दुबईहून आलेलं एक जोडपं. दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्यावर त्यांना नायडू हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तो दिवस गुढीपाडव्याचा होता, २५ मार्च. सगळ्या टीव्हीवर ती बातमी होती. ‘निगेटिव्ह म्हणजे बरा’ हे समीकरण तिथेच आपल्या डोक्यात पक्कं बसलं, ते पुढे दोन वर्षं निघालं नाही.

कोरियातली गोष्ट

एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातून धक्कादायक बातमी आली. बरे होऊन घरी गेलेले लोक पुन्हा पॉझिटिव्ह येत होते! आजार परत उलटतो की काय, अशी भीती जगभर पसरली.

कोरियाने घाबरून न जाता तपास केला. अशा २८५ लोकांची माहिती काढली. त्यांच्या संपर्कातले ७९० जण शोधले. त्यांपैकी या ‘पुन्हा पॉझिटिव्ह’ लोकांमुळे लागण झालेला एकही सापडला नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवून पाहिला, एकातही वाढला नाही. मे महिन्यात त्यांनी हे जाहीर केलं आणि अशांना पुन्हा कोंडून ठेवणं बंद केलं.

याचं कारण सोपं आहे. आरटी-पीसीआर विषाणूच्या आरएनएचा तुकडा शोधते. तो विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. गावात दरोडा पडून गेला, चोर पळाले, पण त्यांच्या चपला अंगणात पडून राहिल्या. टेस्ट ती चप्पल दाखवते. हे अवशेष काही जणांच्या नाकात कित्येक आठवडे सापडतात. जर्मनीतल्या म्युनिकच्या रुग्णांवरच्या अभ्यासातही लक्षणं सुरू झाल्यापासून आठ दिवसांनंतर जिवंत विषाणू मिळाला नव्हता, पीसीआर मात्र त्यानंतरही पॉझिटिव्ह येतच होती.

८ मे २०२० : नियम बदलला, पण...

केंद्राने ८ मे २०२० रोजी डिस्चार्जचं धोरण बदललं. सौम्य रुग्णाला लक्षणांपासून १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर टेस्ट न करता सोडा, पुढे ७ दिवस घरीच राहू द्या. टेस्टची अट फक्त गंभीर रुग्णांसाठी ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २७ मे रोजी साधारण हीच दिशा धरली.

आता गंमत बघा. दोनच दिवसांनी, १० मे रोजी, घरीच उपचार घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आली : १७ दिवस पूर्ण आणि १० दिवस ताप नको. पुढे जुलैत तीही बदलून १० अधिक ७ झाली. एप्रिल २०२१ मध्ये फक्त १० दिवस. जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवस आणि सलग ३ दिवस ताप नको. शेजारी मात्र अजून १४ दिवसांवरच अडकलेले, कारण १४ दिवस हे संपर्कात आलेल्यांसाठी होते. रुग्ण वेगळा, संपर्कातला वेगळा. आपण दोघांनाही ‘क्वारंटाईन’ म्हणून मोकळे झालो.

पण घरी उपचार घेणाऱ्यांच्या या चारही सूचनांमध्ये एक वाक्य कायम होतं : मुदत संपल्यावर टेस्टची गरज नाही. हेच वाक्य ना सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलं, ना कंपनीच्या गेटवर.

कागद मागणारे हात

का लागलं नाही? कारण प्रत्येकाला स्वतःची जबाबदारी झटकायला एक कागद हवा होता. सरकारी यंत्रणाही त्यात मागे नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्यातून येणाऱ्यांना निगेटिव्ह रिपोर्टची अट घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने आपल्या लोकांना तीच अट घातली. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यातही निगेटिव्ह रिपोर्टशिवाय प्रवेश बंद झाला. महिनाभरापूर्वी बरा झालेला, कुणालाही लागण न देणारा माणूस सीमेवर मात्र ‘पॉझिटिव्ह’!

त्यात सीटी व्हॅल्यूची भर पडली. लोक ती आणि छातीचा सीटी स्कॅन यांत गल्लत करायचे. राज्याने ‘पॉझिटिव्ह’ ठरवण्याची मर्यादा २४ वर आणता येईल का, असं आयसीएमआरला विचारलं. एप्रिल २०२१ मध्ये उत्तर आलं : नाही, ३५ च ठेवा, नाहीतर लागण देऊ शकणारे रुग्ण सुटतील. हेही बरोबरच होतं. नवा रुग्ण शोधण्यासाठी टेस्ट जेवढी बारीक तेवढी चांगली. बऱ्या झालेल्याला सोडताना तोच बारीकपणा आड येतो. एकाच चाळणीने दोन धान्यं चाळायला गेलो आपण.

शेवटी ४ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेत लॅब कोलमडायला आल्यावर, आयसीएमआरने स्पष्ट लिहिलं : एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नका. म्हणजे आपल्यातल्या अनेकांनी पैसे मोजून केलेली टेस्ट मुळात करायचीच नव्हती. महाराष्ट्रात खासगी लॅबचा दर सुरुवातीला ४५०० रुपये होता, जून २०२० मध्ये २२०० झाला, मार्च २०२१ अखेर ५०० वर आला. चार जणांच्या घराचा हिशेब तुम्हीच करा.

जुना प्रश्न, जुना कायदा

बरा झालेला माणूस निर्धोक कधी, हा प्रश्न कोविडचा नाही. न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला १९०७ मध्ये टायफॉइडची वाहक म्हणून बेटावर ठेवलं. १९१० मध्ये सोडलं, १९१५ मध्ये ती पुन्हा स्वयंपाक करताना सापडली, आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच राहिली. तिच्याकडून खरंच लागण होत होती, म्हणून भीती अगदीच खोटी नसते हेही मान्य करायला हवं. फरक एवढाच, की तिच्या बाबतीत जंतू जिवंत होते.

आणि आपला कायदा? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो १८९७ चा साथरोग कायदा, म्हणजे पुण्यातल्या प्लेगच्या आणि रँडच्या काळातला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारने काय करावं याचे अधिकार त्यात भरपूर, पण कोंडलेल्याला ‘तू आता मोकळा’ असं सांगणारा कागद कोण देणार, यावर एक अक्षर नाही.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. आत टाकायला शिक्का होता. मार्च २०२० मध्ये डाव्या हातावर मारलेला तो शिक्का आठवतोय ना? बाहेर यायला मात्र शिक्का नव्हता. पालिकेने मुदत संपल्याचं साधं एका पानाचं पत्र प्रत्येकाला दिलं असतं आणि सोसायट्यांना, कंपन्यांना ‘हे पत्र चालेल, टेस्ट मागू नका’ असं मराठीत बजावलं असतं, तर अर्धा त्रास वाचला असता.

पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण येणार. तेव्हा वॉर्डातल्या नगरसेवकाला पहिला प्रश्न हाच विचारा : आत कधी जायचं ते कळलं साहेब, पण बाहेर कधी यायचं आणि त्याचा कागद कोण देणार?