हिमलोटाच्या विद्येची कुळकथा

आल्प्स पर्वतातल्या खेडुताला हिमलोटाची विद्या कोणी शिकविली नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. कोणत्या घळीतून हिवाळ्यात बर्फ कोसळते, घर कोठे बांधावयाचे नाही, हे त्याला वाडवडिलांकडून ठाऊक असे, आणि ज्या वाटेची खात्री नसे त्या वाटेने तो थंडी सरेपर्यंत जातच नसे. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट गावाने तर बर्फ अडविणाऱ्या माथ्यावरच्या अरण्याला कुऱ्हाड लावण्याची मनाई करणारा लेख १३९७ सालीच करून ठेवला होता. मात्र हे ज्ञान त्या त्या खोऱ्यापुरते. डोंगर ओलांडला की ते कुचकामी. म्हणून माझे मत असे की, ही विद्या शिकविण्याची वेळ आली ती परक्या माणसामुळे, आणि ज्याचे त्या मुलुखात हिवाळ्यात काही काम नव्हते अशा माणसाला तेथे नेले ते स्कीच्या हौसेने व युद्धाने.

हौशी मंडळींचा उपाय साधा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कमरेला लांबलचक लाल दोरी बांधून ती मागे फरफटत नेत. मनुष्य गाडला गेला तरी दोरीचे एखादे टोक वर राहील, एवढाच तिचा आधार, आणि तोही बर्फ पुष्कळदा दोरीसकट गिळी.

युद्धाचा धडा याहून भीषण. १९१६ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रियन सैन्याला स्की शिकविणारे माथियास झ्डार्स्की स्वतःच हिमलोटात सापडले, ऐंशीच्या आसपास अस्थिभंग होऊनही वाचले, आणि पुढे त्यांनी हिमलोटावरच ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मार्मोलाडा पर्वताखालच्या ऑस्ट्रियन छावणीवर हिमलोट येऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली. ती जागा इटालियन तोफांच्या माऱ्याबाहेरची म्हणून निवडलेली होती. वर साचणारे बर्फ पाहून तेथल्या कॅप्टनाने छावणी हलविण्याचा लेखी अर्ज केला होता, आणि वरिष्ठांनी तो नामंजूर केला होता. तोफेचा पल्ला मोजणाऱ्या त्या कचेरीत बर्फाचा पल्ला मोजणारा अंमलदार नसावा.

विद्येला शास्त्राचे रूप आले ते दाव्होसच्या माथ्यावर, वाइसफ्लूयोख येथे, जेथे १९३६ साली स्विस संशोधकांनी सुमारे २,६६० मीटर उंचीवर बर्फाची प्रयोगशाळा थाटली. साचलेले बर्फ एकजीव नसून थरांची चळत असते. जमिनीलगतची ऊब आणि पृष्ठावरची कडक थंडी यांच्या तफावतीने आतल्या एखाद्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात. आणि त्यावर वाऱ्याने दडपलेली घट्ट लादी बसली की, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ती निसटावयास एका माणसाचे वजनही पुरे होते. आता फावड्याने खड्डा खणून त्याच्या भिंतीतले थर ज्याला वाचता येत, त्याला परके खोरेही थोडेफार बोलू लागले. आपल्याकडे ही विद्या लष्कराच्याच वाटेने आली. १९६९ साली मनालीला संशोधनसंस्था निघाली ती संरक्षणखात्याच्या निकडीतून.

अमेरिकेत युटाहमधील आल्टा येथे पर्वतीय फौजेतून परतलेले माँटी ॲटवॉटर वनखात्याच्या चाकरीत लागले आणि धोक्याच्या उतारांवरचे बर्फ आधीच पाडण्यासाठी त्यांवर तोफा डागवू लागले. दाव्होसला काम करून आलेल्या एड लाशापेल यांनी १९६१ साली सामान्य प्रवाशासाठी हिमलोटाची मुळाक्षरे सांगणारी पुस्तिका काढली. लाल दोरीचा खरा वारस मात्र १९६८ साली जन्मला : बफेलोच्या जॉन लॉटन यांचे ‘स्काडी’ हे रेडिओयंत्र, ज्याचा आवाज गाडलेल्या सोबत्याच्या जवळ जावे तसतसा कानात वाढे. त्याची निकड किती होती ते १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस आकड्यांनी दाखविले : गाडल्यापासून १५ मिनिटांपर्यंत ९२ टक्के माणसे जिवंत असत, ३५ मिनिटांनी जेमतेम ३० टक्के. खोऱ्यातून मदत येईपर्यंत सारे आटोपते, म्हणून यंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची सळई व फावडे यांची कवायत प्रत्येक शिकाऊ माणसाच्या नशिबी आली.

एवढे झाल्यावर शिकलेली माणसे वाचावयास हवी होती. इयन मॅककॅमन यांनी अमेरिकेतील तीसएक वर्षांच्या ७१५ अपघातांची छाननी करून २००४ साली दाखविले की, ओळखीच्या प्रदेशात उत्तम शिकलेल्या टोळ्याही अडाण्यांइतकाच धोका पत्करीत होत्या. ज्या परिचयाने खेडुताला शतकानुशतके राखले, तोच परिचय पंडिताला गाफील करीत होता. मला तरी यात खेडुताची चूक दिसत नाही. त्याच्या परिचयात भीतीही असे, आणि सुटीचे चार दिवस हाती घेऊन आलेल्या पाहुण्याच्या परिचयात ती उरत नाही. आता अमेरिकेतल्या वर्गांत थरांच्या जोडीने शिष्यांच्या मनाचीही झडती होते, आणि सकाळी निघण्यापूर्वी एक शिरस्ता ठरतो : टोळीतल्या कोणीही, अगदी नवख्यानेही, एखाद्या उताराला नकार दिला, तर कारण न विचारता सर्वांनी दुसरी वाट धरावयाची.