पिंजऱ्यातले तीन प्रवास

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी गोल्डियन फिंचची जोडी घ्यायला एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने जोडी दाखवली, भाव सांगितला. मी घुटमळतोय हे बघून तो आत गेला आणि कापडाने झाकलेला एक छोटा पिंजरा घेऊन आला. त्यात सात-आठ इवलेसे पक्षी होते. नर लालभडक, आणि अंगावर मिठाचे दाणे उडाल्यासारखे पांढरे ठिपके. "सर, बजेट नसेल तर हे घ्या. हे पण फिंचच आहे."

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. ती लाल मनोली होती, म्हणजेच लाल मुनिया. गोल्डियन आणि मनोली एकाच कुळातले पक्षी. फरक इतकाच की लाल मनोली पुण्याजवळच्या पाणथळ गवतात मोकळी फिरताना दिसते आणि तिला पकडणं, विकणं, पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ज्याचे पूर्वज ऑस्ट्रेलियातून आले तो पक्षी दुकानात उघड्यावर होता आणि इथला पक्षी कापडाखाली.

मी महागडी जोडी घेतली आणि घरी आलो. तक्रार कुठेच केली नाही. तेव्हा मला फक्त माझे नवे पक्षी दिसत होते. हे अजून खुपतं, म्हणून आधी त्या झाकलेल्या पिंजऱ्याबद्दल.

लाल मनोलीचं शास्त्रीय नाव आहे अमांडावा अमांडावा. दोनदा म्हटलं की लहान मुलांच्या खेळातलं वाटतं, पण नीट ऐका: अमांडावा म्हणजे अहमदाबाद. इंग्रजीत याच पक्ष्याला अव्हाडव्हाट म्हणतात, तोही अहमदाबादचाच अपभ्रंश. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता. हाच फ्रायर १६७५ साली जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं. त्यात अहमदाबादहून येणाऱ्या या ठिपकेदार पक्ष्यांचा उल्लेख आहे: एका पिंजऱ्यात पन्नास, एक म्होरक्या गायला सुरुवात करतो आणि बाकीचे साथ धरतात. पुढे १७५८ साली लिनिअसने पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना हेच बाजारातलं नाव उचललं.

मनोली काही अहमदाबादपुरती नाही. ती भारतभर आहे, आग्नेय आशियातही आहे. नाव मिळालं ते मात्र जिथून विक्रीला निघाली त्या पेठेचं. कोल्हापुरी चप्पल किंवा पैठणी म्हणतो तसंच, फक्त इथे माल जिवंत होता. जहाजांवरून जाता जाता ती युरोपातल्या हौशी लोकांची 'दुर्मिळ आयात' झाली. पिंजऱ्यातून निसटलेल्यांनी वस्त्याही केल्या. आज स्पेनमध्ये, फिजीत, हवाई बेटांवर लाल मनोलीचे थवे आहेत. भारतातून जंगली पक्ष्यांची निर्यात मोठ्या प्रमाणावर चालायची, ती १९९०-९१च्या सुमारास पूर्ण बंद झाली. म्हणजे मी जन्मण्याच्या थोडंच आधी. फ्रायरच्या त्या पन्नासांच्या पिंजऱ्यापासून मोजलं तर तीनशेहून जास्त वर्षं हा माल जात होता.

आता माझी जोडी. दुकानात तिला 'गोल्डन फिंच' म्हणतात. मीही काही महिने तसंच म्हणत होतो आणि रंगांमुळे ते खपूनही जात होतं: हिरवी पाठ, पिवळं पोट, जांभळी छाती, आणि डोकं लाल, काळं किंवा क्वचित पिवळं. पण गोल्डन नाही, गोल्डियन. म्हणजे गोल्ड आडनावाच्या बाईंचा पक्षी.

एलिझाबेथ गोल्ड चित्रकार होत्या. नवरा जॉन गोल्ड लंडनमध्ये पक्ष्यांत पेंढा भरायचं काम करायचा आणि पक्ष्यांवरची भव्य सचित्र पुस्तकं काढायचा. त्यातलं पहिलं हिमालयातल्या पक्ष्यांवरचं होतं. १८३०च्या सुमारास आलेल्या त्या पुस्तकातल्या शंभर पक्ष्यांची चित्रं दगडावर उतरवली एलिझाबेथने. हिमालय तिने कधी पाहिला नव्हता, समोर होती ती मेलेल्या पक्ष्यांची कातडी. डार्विनच्या बीगल प्रवासातल्या पक्ष्यांची चित्रंही, गालापागोसच्या त्या प्रसिद्ध फिंचांसकट, तिच्याच हातची. १८३८ साली दोघं ऑस्ट्रेलियाला निघाले. थोरला मुलगा बरोबर घेतला, धाकट्या तिघांना तिने आईकडे ठेवलं. १८४० मध्ये परतली आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १८४१ रोजी, आठव्या बाळंतपणानंतरच्या तापाने गेली. वय ३७.

१८४४ मध्ये जॉनने उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या सप्तरंगी पक्ष्याला तिचं नाव दिलं. ती तिकडे दक्षिणेला टास्मानिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये राहिली होती, आणि हा पक्षी आहे पार उत्तरेच्या उष्ण माळरानांवरचा. तिने तो जिवंत पाहिलेला नाही. बाजारात त्याला 'लेडी गोल्डियन' असंही म्हणतात, तेही चूक. तिला असा कुठला किताब नव्हता. माझ्या मते किताब न देता तिच्या कामाचे पैसे नीट लिहून ठेवले असते तर बरं झालं असतं. अनेक चित्रांखाली नवऱ्याचंही नाव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा पक्षी जिवंत स्वरूपात युरोपात पोचला आणि झुंबड उडाली. गंमत अशी की पिवळ्या, लाल, काळ्या डोक्यांचे पक्षी वेगवेगळ्या जातींचे असावेत असं बराच काळ वाटत होतं. ती एकाच जातीची तीन रूपं आहेत. रानात दर चारांतले साधारण तीन काळ्या डोक्याचे असतात, उरलेले जवळपास सगळे लाल, पिवळा हजारांत एखादाच. पिंजऱ्यात मात्र पिवळा सर्रास मिळतो, कारण गिऱ्हाइकाला तो हवा असतो.

त्यांना पकडणं अवघड नव्हतं. उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळा संपला की महिनोन्‌महिने कोरडं जातं. शेवटी मोजकेच पाणवठे उरतात आणि परिसरातल्या सगळ्या फिंचांना तिथे यावंच लागतं. जाळं लावून बसलं की झालं. १९६० साली ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. पण देशातल्या देशात परवाना काढून पकडणं चालूच राहिलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात तर थेट १९८१ पर्यंत. पुढे संशोधकांनी पकडणाऱ्यांनी सरकारजमा केलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेवटच्या वर्षांत हाती लागणारे गोल्डियन घटत गेल्याचं त्यातून दिसलं. लॉग फाइल वाचून सिस्टिम कधी बिघडली ते शोधायचं माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हे वाचताना चरकलो. ज्यांनी उपसा केला त्यांच्याच वह्यांत त्याचा पुरावा होता.

दोष एकट्या जाळ्यांचा नाही, हेही सांगायला हवं. गोल्डियन रानटी ज्वारीसारख्या गवतांच्या बियांवर जगतो आणि निलगिरीच्या जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. गुरांची चराई वाढली, वणव्यांची जुनी लय बिघडली, बिया आणि ढोल्या दोन्ही कमी झाल्या. श्वसनमार्गात राहणारा एक सूक्ष्म कोळी-कीटकही त्यांच्यात सापडला. तरी आपल्या छंदाचा हात त्यात होता, हे पक्षी पाळणारे सहसा बोलत नाहीत. "निर्यातबंदीनंतरचे सगळे पिंजऱ्यातच जन्मलेत" एवढं म्हणून विषय संपवतात.

ते बरंचसं खरंही आहे. पण पिंजऱ्यात जन्मले कसे? इथे माझ्या बाल्कनीतली गोष्ट येते.

जोडी आणल्यावर तीन महिन्यांनी मादीने पाच अंडी घातली. नर कौतुकाने नाचला. मग दोघं निवांत राळं खात बसली. अंड्यांकडे कुणी फिरकेना. मी दुकानदाराला फोन केला. तो हसला. "गोल्डन अंडी घालतो, बसत नाही. बेंगाली ठेवा ना सर. बेंगाली कुणाची पण उबवतो."

बेंगाली म्हणजे बेंगालीज फिंच. तपकिरी-पांढरा, गरीब स्वभावाचा, स्वस्त. नाव बंगालचं, पण बंगालशी संबंध नाही. अठराव्या शतकात चीनमधून जपानला पांढऱ्या पाठीच्या मनोल्या नेल्या गेल्या आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाळून हा पक्षी तयार झाला. जपानीत त्याला जूशिमात्सू म्हणतात. लिहितात ती चित्राक्षरं 'दहा बहिणी' अशी. हीच पांढऱ्या पाठीची मनोली आपल्या कोकणातही आहे. चिपळूणला आजीच्या परसात मी ती पाहिली होती, फक्त तेव्हा ओळख नव्हती. तिचे चीनकडचे भाऊबंद जपानमार्गे फिरून माझ्या बाल्कनीत दाई म्हणून येणार होते.

जपानी लोकांनी निवड केली ती मुख्यतः पालकत्वासाठी. जो पक्षी शांतपणे अंड्यांवर बसतो, कुणाचंही पिल्लू भरवतो, तो ठेवायचा. गाण्यासाठी कुणी निवडलं नव्हतं. तरी काझुओ ओकानोया या संशोधकाने तुलना केली, तेव्हा पाळीव पक्ष्याचं गाणं रानातल्या भाऊबंदांपेक्षा जास्त गुंतागुंतीचं निघालं. त्याचा तर्क असा की शिकारी पक्ष्यांची भीती गेली, आपल्याच जातीचा जोडीदार अचूक ओळखण्याची गरज गेली, आणि गाण्याला मोकळीक मिळाली. पिंजऱ्याने नेहमी फक्त काढूनच घेतलं असं नाही, या एका निष्कर्षापाशी मी बऱ्याचदा थांबतो.

ही दाई हाताशी असल्यामुळे १९६० नंतर जपानमध्ये गोल्डियनची जणू फॅक्टरी उभी राहिली. अंडी काढायची, बेंगालीखाली ठेवायची, गोल्डियन पुन्हा अंडी घालतो. हजारोंनी पक्षी तयार झाले आणि युरोपात गेले. रानातून आणायची गरज संपली, हा फायदा खराच. पण आई-बापांकडून वाढण्याची वेळच न आलेल्या अनेक पिढ्या तयार झाल्या. अंड्यांवर न बसणारे पक्षीही त्यात टिकले, कारण त्यांची अंडी दुसरं कुणी उबवत होतं. रानात असा पक्षी एका पिढीत नामशेष होतो. तेव्हा माझी मादी बसत नव्हती यात तिचा दोष तो किती?

मी बेंगालीची जोडी आणली. पहिली पाच अंडी वाया गेलीच होती. पुढची चार त्यांच्या घरट्यात ठेवली आणि पंधराव्या दिवशी तीन फुटली. गोल्डियनच्या पिल्लाच्या चोचीच्या कोपऱ्यांत निळे मणी असतात, ढोलीतल्या अंधारात आई-बापाला तोंड दिसावं म्हणून. ते स्वतः चमकत नाहीत, असेल तेवढा उजेड परत फेकतात. मोबाईलचा मिणमिणता प्रकाश आत सोडला आणि सहा निळे ठिपके दिसले. बेंगाली त्या अनोळखी मण्यांकडे बघून जराही दचकली नाही. भरवत राहिली.

तीनपैकी एक पहिल्या पिसगळीत गेलं. करडी-हिरवी पिसं झडून रंग येतात तो काळ नाजूक असतो, आणि पुण्यात तेव्हा आठवडाभर दमट गारठा होता. ती मादी असावी असं वाटतं. असावी म्हणतो, कारण त्यानंतर मी सारा प्राईक आणि सायमन ग्रिफिथ यांचं २००९ सालचं संशोधन वाचलं. लाल आणि काळ्या डोक्यांच्या मिश्र जोड्यांची पिल्लं जास्त मरतात, त्यातही मुली. मादीला हे जणू कळतं. न जुळणारा नर मिळाला तर ती अंड्यांतच मुलग्यांचं प्रमाण वाढवते, दहांत आठपर्यंत. रानात निवडीला वाव असेल तर ती शक्यतो आपल्याच रंगाचा नर निवडते. माझा नर लाल आहे, मादी काळी. ही निवड तिची नव्हती. फोटोत छान दिसेल म्हणून मी केलेली होती.

तीन पिल्लांवरून निष्कर्ष काढू नये एवढं इंजिनिअरिंग मी शिकलोय. पण पुढच्या वेळी मी जोडी लावली नाही. पाच फूट लांबीचा पिंजरा करून घेतला, ओळखीच्या एका पाळणाऱ्याकडून काळ्या डोक्याचे दोन नर आणले आणि निवड मादीवर सोडली. आठवडाभरात तिने एक नर निवडला. मग बेंगालीचा पिंजरा आतल्या खोलीत हलवला, कारण तो दिसत राहिला तर माझाच धीर सुटला असता.

पहिली पाच अंडी तिने नवव्या दिवशी सोडली. मी रात्री दोनदा उठून बेंगालीच्या खोलीपर्यंत गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. ती पाचही गेली. ऑफिसमधल्या मित्राने विचारलं, "दाई घरात असताना पिल्लं मारायची, हे कुठलं तत्त्व?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, अजूनही पुरतं येत नाही.

दुसऱ्या वेळी चार अंडी. नर दिवसा बसू लागला, मादी रात्री. दोन फुटली, एक अंडं फळलंच नव्हतं, एक पिल्लू कवचातच मेलं. बाविसाव्या दिवशी त्या दोघांतलं थोरलं घरट्याच्या दारात आलं, खाली बघितलं आणि परत आत गेलं.

माझ्याकडे सगळ्या पक्ष्यांची एक स्प्रेडशीट आहे: रिंग क्रमांक, जन्मतारीख, डोक्याचा रंग, आई, बाप. आधी नसलेला एक रकाना आता आहे, 'कुणी वाढवलं'. त्यात वरच्या सगळ्या ओळींत बेंगाली लिहिलंय. शेवटच्या दोन ओळींत आई-बाप.