‘वंश’ हे उत्तर की प्रश्न?

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज त्याच शब्दाचा अमेरिकेतला एक इतिहास पाहू.

तिथे प्रोस्टेटचा कर्करोग काळ्या पुरुषांत गोऱ्यांच्या दीडपटीहून अधिक आढळतो, आणि मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या आसपास आहे. असं का? तर बराच काळ एका शब्दात उत्तर मिळे: वंश. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं इथे अडखळतो. फरक कुणात आहे हे सांगितलं, म्हणजे तो कशामुळे आहे हे कुठे सांगून झालं?

अनुवंशिकतेचा वाटा नाही असं नव्हे. आठव्या गुणसूत्राच्या एका भागात धोका वाढवणारे काही बदल २००६ पासून सापडत गेले, आणि त्यातले काही आफ्रिकी पूर्वज असलेल्यांत जास्त दिसतात. पण हे झालं रोग होण्याबद्दल. मरण्याचं काय? निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत उपचार खिशावर फारसे अवलंबून नसतात. तिथल्या सुमारे ६० हजार रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात या कर्करोगाने दगावणाऱ्या काळ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त नव्हतं, बरं का. किंचित कमीच होतं!

मग बाहेर दुप्पट का? टस्कीगी आठवा. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० काळ्या पुरुषांना नुसतं पाहत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. अशा घरांतला माणूस दवाखान्याची पायरी सहज कशी चढेल? आणि जो चढतो, तो तरी मोजला जातो का? पीएसए या रक्तचाचणीच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७६ हजार पुरुष होते, त्यात काळे शेकडा चारच्या आसपास. अशा अभ्यासांच्या आधारे २०१२ मध्ये तज्ज्ञमंडळाने ही तपासणी सरसकट कुणाचीच करू नये म्हटलं. २०१८ मध्ये ते बदललं: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

बोलून! आमच्या वयाच्या श्रोत्यांना ठाऊक आहे, या दुखण्याबद्दल आपण घरातही बोलत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे काळे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये याच कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती राष्ट्राध्यक्षांपासूनही लपवली. पुढे फेब्रुवारीत पत्रकारांसमोर त्यांनी माफी मागितली, आणि सहा काळ्या पुरुषांमागे एकाला हा रोग होतो, हेही तिथेच सांगितलं.