‘पीएम रिपोर्ट येऊ द्या, मग कळेल’

संशयास्पद मृत्यूची बातमी आली की खून की आत्महत्या हे शवविच्छेदनाच्या अहवालातून कळेल, असे पोलीस सांगतात, पत्रकार छापतात आणि नातेवाईक त्याच आशेवर बसतात. या समजुतीने तपासाचे फार नुकसान केले आहे.

पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. जळालेल्या देहाच्या श्वासनलिकेत काजळी सापडली, तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता हे डॉक्टर ठामपणे सांगू शकतात. गळफासाचा वळ बहुधा तिरका आणि मध्येच तुटलेला असतो. दोरीने गळा आवळल्याचा बहुधा आडवा आणि सलग. इथे देहच साक्ष देतो.

पण विहिरीतून काढलेला देह पाहा. नाकातोंडाशी बारीक, पांढरा, चिकट फेस. पुसला तरी पुन्हा येणारा. मुठीत घट्ट आवळलेले शेवाळ. माणूस जिवंतपणी पाण्यात गेला, एवढे यावरून म्हणता येते. पाय घसरला, उडी घेतली की कुणी ढकलले? फुप्फुसांत पाणी तिन्ही वेळा सारखेच शिरते. उत्तर असलेच तर काठावर असते: निखळलेल्या दगडात, रहाटाच्या दोरात, चपला कुठे पडल्या होत्या त्यात, आदल्या रात्री घरात काय घडले त्यात. व्हिसेराचेही तेच. मिठाच्या संपृक्त द्रावणात राखलेल्या यकृतात कीटकनाशक सापडेल. ते स्वतः घेतले की कुणी पाजले, हे यकृत कसे सांगणार?

कायद्याने हे काम एकट्या डॉक्टरवर कधीच सोपवलेले नाही. मुंबईत १८७१च्या कायद्याखालील कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, साक्षीदार तपासून निष्कर्ष काढत असे. १९९९ साली ते पद गेले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४नुसार पोलिसाने जागेवर जाऊन, शेजारच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर सकृद्दर्शनी कारण नोंदवायचे असते. इंग्लंडच्या कॉरोनरपुढे वैद्यकीय अहवाल हा अनेक पुराव्यांपैकी एक असतो, आणि पुरावा पुरला नाही तर तो ‘खुला’ निष्कर्ष नोंदवतो. त्याला अपयश म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की पुराव्याविना आत्महत्येचा शिक्का मारणे हा मृताच्या घरावर अन्याय आहे.

अहवालाची वाट पाहत राहिले की काठ तुडवला जातो, दोर कुणीतरी सोडून नेतो. म्हणून देह हलवण्याआधी जागेचे फोटो घ्या, पंचनामा छापील साच्यात उरकू नका, आणि शंका असेल तिथे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरलाच विहिरीवर न्या.